हिवाळ्यातील गोठा : लहान शेतकऱ्याच्या जनावरांची निगा

दिवाळी सरते, खरिपाची रास घरात येते आणि रब्बीची पेरणी आटोपते, त्या सुमारास शेतकऱ्याचा गोठा भरलेला असतो. म्हशी नुकत्याच व्यालेल्या असतात, बाजरीचे सरमड रचून झालेले असते, बांधावर थोडेबहुत हिरवे गवत असते व विहिरीलाही पाणी असते. दुधाचे माप याच महिन्यांत वाढते. म्हणून हिवाळा हा गोठ्याच्या दृष्टीने सुगीचा काळ समजला जातो व तो समज बराचसा खराही आहे. तथापि, लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातील दोन मोठी नुकसाने याच काळात होतात. एक, नवजात रेडके व वासरे दगावतात. दुसरे, म्हैस माजावर येऊन जाते, ते कोणाच्या ध्यानात येत नाही व तिचे पुढील अनेक महिने भाकड जातात. ही दोन्ही नुकसाने टाळण्यास विशेष खर्च लागत नाही. त्यांस रात्रीची व पहाटेची थोडी जाग लागते.

पुढील विवेचन मुख्यतः नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर आणि मराठवाडा या पठारी भागांतील दोन-चार एकरांचा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. एखादी म्हैस, एखादी संकरित गाय, जमल्यास बैलजोडी, तीन-चार शेळ्या आणि अंगणात फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या, असा त्याचा पसारा असतो. कोकणात थंडी बेताची असते. तेथे हाच विचार काही अंशी कमी करून घ्यावा.

थंडी कशी बाधते

पठारावर हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. दुपारी पारा २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत असतो आणि पहाटे तोच ८ ते १० अंशांवर येतो. निफाडच्या बाजूस तर काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. एका दिवसात सुमारे २० अंशांचा हा चढउतार जनावराला सोसावा लागतो.

पोटभर चारा खाल्लेल्या धडधाकट गाई-म्हशीला ही थंडी सहसा बाधत नाही. तिच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव चारा कुजवीत असतात व त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणजे जणू एक शेगडी ती पोटातच बाळगून असते. नवजात वासराचे कोठीपोट मात्र वाढलेले नसते. ते पुरते कामास लागण्यास साधारण तीन महिने जातात. वासराच्या अंगावर चरबी बेताची, कातडी पातळ आणि जन्मतेवेळी अंग ओलेचिंब असते. पारा १५ अंशांखाली गेला की त्याची ऊब कमी पडू लागते. रेडकाची स्थिती याहून निराळी नाही. म्हशीच्या जातीला केस विरळ असल्यामुळे ऊन आणि थंडी ही दोन्ही तिला गाईपेक्षा अधिक लागतात.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोरड्या केसांच्या आत उबदार हवेचा एक थर धरून ठेवलेला असतो. वारा तो थर उडवून नेतो आणि ओल तो थर नाहीसा करते. १० अंशांतील कोरडे, आडोशाचे वासरू सुखाने झोपते. त्याच रात्री ओल्या जमिनीवर, वाऱ्याच्या झोतात बांधलेले वासरू पहाटे कुडकुडत उठते, नव्हे, पुष्कळदा उठतच नाही. म्हणून गोठ्यात ऊब आणण्याच्या खटपटीपेक्षा आडोसा आणि कोरडेपणा यांकडे प्रथम लक्ष द्यावे.

आडोसा व बिछाना

हिवाळ्यात पठारावरील वारा बहुधा उत्तर व पूर्व या दिशांनी येतो. त्या बाजूंस तुराट्यांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा कूड बांधावा, अथवा गोणपाट शिवून त्याचे पडदे सोडावेत. खताची व पेंडीची रिकामी पोती उसवून जोडली तरी काम भागते. कूड जनावराच्या पाठीच्या वर येईल इतका उंच असावा. परंतु छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवलीच पाहिजे. सकाळी ऊन आले की पूर्वेचा पडदा गुंडाळून वर बांधावा, म्हणजे ऊन आत येऊन जमीन सुकते.

गोठा चारी बाजूंनी लिंपून बंद करण्याची चूक अनेक ठिकाणी होते. अशा गोठ्यात शेण-मुताचा उग्र वायू कोंडतो आणि तो वासरांच्या फुप्फुसांना इजा करतो. मोठा माणूस उभा राहून श्वास घेतो, त्यामुळे त्याला हे जाणवत नाही. गोठा पाहावयास गेलेल्या ग्रामसेवकाने पहाटे पडदे उघडण्यापूर्वी वासराच्या उंचीवर खाली बसावे व मिनिटभर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर त्या गोठ्याला पडद्यांची नव्हे, झरोक्यांची गरज आहे, असे समजावे. गोठ्यात शेकोटी पेटविणे तर सर्वथा टाळावे. धुराने खोकला वाढतो आणि शेजारीच कडब्याची गंजी असते, याचा विसर पडू नये.

बहुतेक घरी शेण सकाळी उचलले जाते. दिवसभराचे शेण-मूत मात्र तसेच राहते आणि त्यातच रात्री जनावर बसते. हिवाळ्यात सायंकाळची झाडलोट सकाळच्या झाडलोटीपेक्षा महत्त्वाची आहे. दिवे लागण्यापूर्वी जमीन ओरबाडून कोरडी करावी व वर उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे भुसकट पसरावे. बिछाना पुरेसा आहे किंवा नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी, की रात्री त्यावर गुडघे टेकून वीस अंक मोजेपर्यंत बसावे. गुडघे ओले झाले तर आणखी एक थर घालावा. वासरांच्या कोपऱ्यात हा थर चांगला हातभर जाड असावा, म्हणजे वासराचे पाय त्यात बुडून झाकले जातील. सकाळी ओला झालेला थर काढून उकिरड्यात टाकावा. मुतातील नत्र एरवी जमिनीत मुरून किंवा उडून वाया जाते, ते या पाचटात धरले जाते. बिछान्याचा खर्च या खतातच पुष्कळसा भरून निघतो.

वासरास रात्री गोणपाटाची झूल बांधावी. ती सकाळी सोडून उन्हात वाळत घालावी. दवाने किंवा मुताने ओली झालेली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा अंग उघडे असलेले बरे.

पहिला चीक

म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिने दहा दिवसांचा असतो. ती बहुधा थंडीच्या दिवसांत फळते. साहजिकच बहुतेक म्हशी श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत वितात आणि पुष्कळ रेडकांच्या आयुष्यातील पहिले आठवडे हे वर्षातील सर्वांत थंड आठवडे ठरतात.

रात्री म्हैस व्याली, तर रेडकाच्या नाका-तोंडातील चिकटा प्रथम काढावा. म्हशीला ते चाटू द्यावे. चाटण्याने अंग सुकते व रक्ताभिसरण वाढते. ती चाटीत नसेल, तर कोरड्या पेंढ्याने किंवा गोणपाटाने अंग खसाखसा चोळावे. नाळ पोटापासून दोन ते तीन इंचांवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून स्वच्छ पात्याने कापावी व तिला टिंक्चर आयोडीन लावावे. नाळेवर शेण, राख अथवा हळद दाबण्याची रूढी सोडून द्यावी.

यानंतरचे काम म्हणजे चीक पाजणे, आणि या एका कामावर वासराचे जगणे-मरणे इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक अवलंबून असते. मानवी मातेच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात उतरतात. गाई-म्हशींत मात्र वारेची रचनाच अशी आहे, की ती द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू रोगांशी लढण्याच्या साधनांवाचून जन्मते आणि ती साधने त्याला केवळ चिकातून मिळतात. त्यातही वेळेची मर्यादा आहे. आतड्यांतून ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याची शक्ती पहिल्या काही तासांत भरपूर असते, ती तासागणिक घटते व चोवीस तासांच्या आत जवळजवळ संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोषण करतो, पण संरक्षण फारसे देत नाही. शिवाय चिकात स्निग्धांश असल्यामुळे थंडीत वासराला लागणारी पहिली ऊबही त्यातूनच मिळते.

म्हणून वासराच्या वजनाच्या एक दशांश चीक पहिल्या दिवशी पोटात गेला पाहिजे व त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत गेला पाहिजे. २५ ते ३० किलो वजनाच्या रेडकास हे प्रमाण दिवसाला अडीच ते तीन लिटर पडते. रेडकू उभे राहून लुचत नसेल, तर चीक स्वच्छ भांड्यात काढून, कोमट असतानाच, बाटलीने सावकाश पाजावा.

या कामात एक जुनी समजूत आड येते. वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजू नये, असे अनेक घरांत मानतात. वार पडण्यास आठ ते बारा तासही लागू शकतात. तेवढ्यात वासराच्या संरक्षणाचा उत्तम काळ निघून गेलेला असतो. खरे पाहता वासरू लुचू लागले की म्हशीच्या शरीरात जी प्रेरणा निर्माण होते, तिने पान्हाही सुटतो आणि गर्भाशयाचे आकुंचन होऊन वार पडण्यास मदतच होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ही रूढी जपतात. ग्रामसेवकाने त्यांच्याशी वाद न घालता एका वेताला वेळेवर चीक पाजवून दाखवावा. खरवसाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. शेजारीपाजारी खरवस वाटण्याची रीत गोड आहे व ती मोडण्याचे कारण नाही. केवळ रेडकू तृप्त झाल्यावर उरलेल्या चिकाचाच खरवस करावा, म्हणजे झाले.

पुढील दिवसांत रेडकाचे दूध कमी पडते ते पहाटेच्या घाईमुळे. संकलन केंद्राची वेळ गाठावयाची असते, कॅन भरावयाची असते आणि रेडकाच्या वाट्यास सडांतील शेवटचे चार थेंब येतात. नर रेडकाच्या बाबतीत तर ही हयगय पुष्कळदा जाणूनबुजून होते. त्याची किंमत येत नाही, हे खरे. परंतु रेडकू मेले की अनेक म्हशी पान्हा चोरतात, दूध आटते, आणि मग पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा अनिष्ट मार्ग घरात शिरतो. रेडकाला पाजलेले दूध हा केवळ खर्च नव्हे. पहिला महिनाभर वजनाच्या एक दशांश दूध व कडाक्याच्या रात्री अर्धा लिटर अधिक, हे प्रमाण राखावे.

रेडकांच्या जंतांचा येथे स्वतंत्र निर्देश केला पाहिजे. मोठ्या गोल जंतांच्या अळ्या म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात. त्यामुळे कितीही स्वच्छता राखली तरी लागण होऊ शकते. पोट मोठे दिसणे, केस राठ होणे आणि घाण वासाची, मातकट पांढरी हगवण ही त्याची लक्षणे होत. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशकाची पहिली मात्रा द्यावी. हगवण लागल्यास दूध पूर्णपणे तोडू नये. दोन दुधांच्या मध्ये मीठ-साखरेचे कोमट पाणी थोडे थोडे पाजीत राहावे. श्वास जलद चालणे, नाक वाहणे, कान पडणे आणि दूध टाकणे ही फुप्फुसदाहाची चिन्हे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. अशक्त वासराची जीभ ओढून नळकांड्याने तेल किंवा काढा ओतणे हे फार धोक्याचे असते. तो श्वासनलिकेत जातो व साध्या सर्दीचा मरणांतिक आजार होतो.

चारा आणि पाणी

कोठीपोटातील उष्णता चारा खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वाधिक असते. म्हणून कडबा किंवा सरमड यांचा मोठा वाटा सकाळी न देता रात्री आठच्या सुमारास गव्हाणीत टाकावा. तो रवंथ करीत जनावर मध्यरात्रीनंतरची थंडी काढते. कुट्टी करून टाकल्यास नासाडी कमी होते. दुभत्या जनावरास अंगपोषणासाठी एक ते दीड किलो आंबोण आणि त्याशिवाय गाईस दर अडीच लिटर दुधामागे व म्हशीस दर दोन लिटर दुधामागे एक किलो, हे सर्वसाधारण प्रमाण हिवाळ्यातही तेच आहे. थंडीमुळे भूक वाढते, ती सुक्या चाऱ्याने भागवावी.

लसूणघास या दिवसांत जोमाने येतो. पहाटे दवाने ओला असलेला कोवळा घास कापून रिकाम्या पोटी टाकल्यास पोटफुगी होते. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते आणि जनावर काही तासांत दगावू शकते. घास दुपारी कापावा, थोडा सुकू द्यावा व कडब्यात मिसळून द्यावा.

ऊस पट्ट्यात हिवाळा म्हणजे वाढ्यांचा हंगाम. कारखाने सुरू झाले की वाढे स्वस्त मिळतात आणि महिनोन्‌महिने जनावरांना दुसरे हिरवे काही मिळत नाही. वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते चाऱ्यातील चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधून ठेवते व तो चुना जनावराच्या अंगी लागत नाही. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाई-म्हशीस याचा फटका लवकर बसतो. ती लटपटते, मान कुशीत घालून बसते व थंड पडते. हा दुग्धज्वर होय. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार लागते, आणि त्यामुळे घरची माणसे थंडी बाधली असे समजून वेळ घालवितात. वाढे एकूण चाऱ्याच्या निम्म्याहून कमी ठेवावेत, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडून मग ते खाऊ घालावेत आणि रोज खनिज मिश्रण द्यावे.

पाण्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. रात्रभर उघड्या हौदात राहिलेले पाणी सकाळी इतके गार असते, की जनावर घोटभर पिऊन तोंड फिरविते व सायंकाळच्या धारेत त्याचा परिणाम दिसतो. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी मात्र पहाटे कोमट लागते. हौद सायंकाळी रिकामा करून सकाळी ताज्या पाण्याने भरणे, एवढाच यावर उपाय आहे. म्हशींना धुणे व डुंबविणे भर दुपारी, तेही ऊन असेल तरच करावे. धार काढण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. ओल्या सडांना गार वारा लागून भेगा पडतात, म्हैस लाथ मारते आणि त्या भेगांतून कासदाहास वाट मिळते. धार झाल्यावर सडांना थोडे लोणी किंवा खोबरेल लावावे.

म्हशीचा माज

आश्विनात व्यालेली म्हैस दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, पुन्हा भरविण्यास योग्य होते. तिचा माज साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि एका दिवसाच्या आत ओसरतो. माघापर्यंत असे तीन-चार प्रसंग मिळतात. ते हुकले आणि ऊन तापू लागले, की माज मंद होतो किंवा दिसेनासा होतो. मग पुढील पावसाळा सरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे एकवीस दिवसांची चूक सात-आठ महिन्यांच्या भाकडकाळाने फेडावी लागते. लहान शेतकऱ्याची एकुलती एक म्हैस असेल, तर घरातील रोख पैशाचा ओघच त्यामुळे थांबतो.

गाय माजावर आली की हंबरून घर जागे करते. म्हशीचा माज मुका असतो. ती क्वचितच रेकते, दुसऱ्या जनावरावर चढत नाही, आणि बळसही गाईसारखा लोंबत नाही. तो ती बसली असता जमिनीवर पडलेला आढळतो. वारंवार थोडे थोडे मुतणे, योनीमार्ग सुजल्यासारखा दिसणे, आंबोण अर्धवट टाकणे आणि एका वेळचे दूध अचानक घटणे, ही चिन्हे पाहावी लागतात. ती बहुधा रात्री दहानंतर व पहाटे उजाडण्यापूर्वी दिसतात, आणि हिवाळ्यात नेमके तेव्हाच घर गोधडीत असते. ज्या घरी कोणी पहाटे चारला विजेच्या पाळीमुळे पिकाला पाणी देण्यास उठते, त्याने जाता-येता दिवा धरून म्हशीच्या मागील बाजूची जमीन पाहावी. एवढ्याने पुष्कळ माज सापडतात. पहाटे माज दिसला तर त्याच सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि रेतनानंतर एकविसाव्या दिवशी पुन्हा लक्ष ठेवावे. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या संस्थेने शेतकऱ्याच्या दारात येऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत रुजविली. शासकीय दवाखान्यांतूनही ही सोय आहे. परंतु माज ओळखून निरोप धाडण्याचे काम घरच्याच माणसाचे राहते.

इतर जनावरे

ऊस वाहतुकीस जाणाऱ्या बैलांची गोष्ट वेगळी. कारखान्याच्या तळावर अनेक गावांची जनावरे एकत्र येतात व लाळ-खुरकतीचा प्रसार होतो. या रोगाची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून २०१९ सालापासून मोफत टोचली जाते. लसीचा परिणाम होण्यास दोन ते तीन आठवडे लागत असल्याने निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यात अर्थ नाही. घामाने भिजलेला बैल सायंकाळी गार वाऱ्यात बांधू नये. त्याचे अंग पेंढ्याने चोळून कोरडे करावे व पाठीवर गोणपाट टाकावे.

शेळ्यांची करडे थंडीपेक्षा ओलीने अधिक मरतात. त्यांना रात्री जमिनीपासून उंच फळीवर किंवा पेंढा अंथरून डालग्याखाली ठेवावे व सकाळचे दव उडाल्यावरच शेळ्या चरावयास सोडाव्यात. रेडकांच्या अंगावर या दिवसांत उवा होतात. आठवड्यातून एकदा उन्हात खरारा करताना त्या शोधाव्यात.

कोंबड्या मार्गशीर्ष-पौषात अंडी देणे कमी करतात, याचे कारण थंडीपेक्षा लहान दिवस हे आहे. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो व या दिवसांत तो जेमतेम ११ तास मिळतो. खुराड्यात पहाटे दोन-तीन तास दिवा लावल्यास फरक पडतो. परंतु आठ-दहा गावठी कोंबड्यांसाठी हा खटाटोप परवडतोच असे नाही. पिल्लांना मात्र ऊब हवीच. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्यास तीन अंश कमी. पिल्ले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी आहे, दूर कडेला पळाली तर अधिक आहे आणि सर्वत्र विखुरली तर योग्य आहे, हे मोजपट्टीवाचूनही कळते.

महाशिवरात्रीच्या सुमारास रात्री सौम्य होऊ लागल्या म्हणजे पडदे एकदम न काढता प्रथम पूर्वेचे व आठ-दहा दिवसांनी उत्तरेचे काढावेत. गोणपाटे धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि कडुनिंबाचा पाला घालून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी, आढ्याला टांगून ठेवावीत.